भांगात रुतली, उधाणात सुटली

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथून थोडं आत, खाडीच्या अंगाला आमची वाडी आहे. देवबागची पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना जागा लगेच उमगेल: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे माडांची चिंचोळी जमीन. घरामागचा गडगा ओलांडून शंभर पावलं गेलं की सिमेंटचा रॅम्प लागतो. होडी उतरवायची किंवा वर काढायची तर वाडीत तेवढी एकच जागा. ४० फूट लांब, १० फूट रुंद आणि टोकाला एकदम तुटलेला. टोकापुढचा गाळ येत्या-जात्या पाण्याने खरवडून नेलाय, त्यामुळे तिथे अर्ध्या हाताची पायरी पडली आहे. त्यापुढे चिखल, चिखलात वाळूचा एक बुटका उंचवटा, आणि त्याच्या पलीकडे कुठे खोल पाणी.

हा रॅम्प ज्यांनी बांधला ते उधाणाच्या दिवशी येऊन माप घेऊन गेले असावेत. अजून २० फूट पुढे नेला असता तर पुढे जे घडलं ते घडलंच नसतं. पण रॅम्प आहे तो असा आहे, आणि त्याच्याशी जुळवून घ्यायला मला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत जे शिकलो ते नीट लिहून ठेवावं असं वाटलं. आमच्यासारखे उथळ, भरतीवर चालणारे उतार कोकणात गावोगाव आहेत, आणि बाहेरून परत गावाकडे येऊन होडी घेणारी माझ्यासारखी माणसंही आता बरीच आहेत.

माझ्या वडिलांची उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला ओंडका जोडलेली, लाकडी होडी होती. मी शाळेत असताना ती विकली गेली. नंतर मी बारा वर्षं मुंबईत नोकरी केली आणि परत आलो. आल्यावर पहिल्याच वर्षी जुनी, २० फुटी फायबरची होडी घेतली. सोबत ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन, मागे टांगायचं. होडी आली ती मासेमारीबंदी लागायच्या तोंडावर, म्हणजे जूनच्या आधी. ती अंगणात उलटी न ठेवता सरळच ठेवली, मागचं बूच काढून घेतलं म्हणजे पावसाचं पाणी साठू नये, वर ताडपत्री आणि तिच्यावर झाप टाकून शाकारली. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा लोखंडी गाडा बनवून घेतला. बंदी ३१ जुलैला संपते, पण आमच्याकडे लहान होडीवाले नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. मीही नारळ दिला आणि दिवस शोधायला लागलो.

चूक झाली ती इथेच. मी दिवस शोधला तो माणसांच्या सोयीचा. गोपाळकाल्याची सुट्टी होती, वाडीतले सगळे पोरगे घरी होते, दुपारी दहीहंडी उरकली की संध्याकाळी आठ-दहा जण सहज मिळणार होते. भरतीची वेळ मोबाइलवर बघितली तर साडेसहा दाखवत होता. उजेड असताना काम होईल, मला बरंच वाटलं.

शेजारचे आबा माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. चाळीस वर्षं तांडेलकी केलेला, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून दर्यावर गेलेला माणूस. त्यांना मी आदल्या दिवशी सांगायला गेलो. ते ओटीवर जाळं शिवत बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "उद्या तीथ खंयची?"

"नवमी."

"मगे भांग आसा. पाणी रॅम्पार चढाचा नाय."

मला शब्द माहीत होता, लहानपणापासून कानावर होता. पण अर्थ अंगात मुरलेला नव्हता. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण: पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकींना काटकोनात, तेव्हा भांग: पाणी अर्धवट चढतं, अर्धवट उतरतं. आणि दोन्हींचा खरा जोर तिथीच्या दिवशी नसून एक-दोन दिवस मागाहून येतो. म्हणजे अष्टमीपेक्षा नवमी-दशमीचं पाणी जास्त मेलेलं. मालवणच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन मीटर असतो. भांगात तो मीटरभर, कधी त्याहूनही कमी. मुंबईला हेच आकडे दुपटीच्या घरात जातात. हे सगळं मी आता लिहितोय. त्या दिवशी मी आबांना एवढंच म्हणालो, "आबा, वटपौर्णिमेला मी बघितलंय, रॅम्पच्या टोकाला मांडीच्या वर पाणी होतं."

आबा म्हणाले, "ती पुनव होती." आणि परत जाळ्यात डोकं घातलं. त्यांनी मला अडवलं नाही. मी तेव्हा ते संमतीसारखं धरलं.

काल्याच्या दिवशी संध्याकाळी सहाला आम्ही गाड्यावर होडी चढवून रॅम्पच्या माथ्यावर आणली. मागचा भाग पाण्याकडे, नाळ म्हणजे पुढचं टोक जमिनीकडे. इंजिन चढवलेलं होतं. टेम्पो मागे घेत घेत गाडा खाली सोडायला सुरुवात केली. रॅम्पवर शेवाळ होतं आणि टेम्पोची चाकं सरकत होती, म्हणून दोन पोरं चाकांना दगड लावत चालली होती. गाड्याची मागची कड रॅम्पच्या टोकाशी आली, आणि तिथे पाणी माझ्या घोट्याला होतं.

इथे साधा हिशेब आहे, तो मी घरी बसून करायला हवा होता. गाड्याची उंची दीड फूट. रिकामी होडी तरंगायला तिच्याखाली आणखी पाऊण-एक फूट पाणी हवं. म्हणजे चाकं जिथे उभी राहतील तिथे निदान सव्वादोन-अडीच फूट खोली पाहिजे. घोटाभर पाण्यात होडी गाड्यावरून उचलली जाणारच नाही. पण सगळे जमले होते, सूर्य खाली चालला होता, आणि मोबाइल सांगत होता की भरती पूर्ण व्हायला अजून पंधरा मिनिटं आहेत. मी म्हटलं, थांबू, येईल.

पंधरा मिनिटांनी पाणी घोट्याच्या खाली होतं.

मुंबईची वेळ बघून मी मालवणात उभा होतो. आमच्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते. गोव्याला, मालवणला आधी येते, मुंबईला नंतर. आमचं पाणी मुंबईच्या पाऊण तास तरी आधी भरून फिरलेलं होतं. पाणी फिरलं की नाही हे बघायला मोबाइल लागतही नाही. पाण्यावर तरंगणारी एखादी झावळ बघावी, ती कुठल्या दिशेला चालली आहे. त्या दिवशी आमच्यासमोरून सुकी पानं समुद्राकडे वाहत होती आणि आमच्यातल्या एकाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

मग जे घाईत होतं ते झालं. कोणीतरी म्हणालं, अजून चार फूट मागे घ्या, पुढे खोल आहे. खोल होतंच, पायरीएवढं. गाड्याचं डावं चाक रॅम्पच्या तुटलेल्या कडेवरून खाली गेलं, गाडा तिरका झाला आणि आख्खी होडी खरडत मागे घसरली. इंजिनाचं वजन ४० किलोच्या आसपास, ते नेमकं मागच्या बाजूला. मागचा भाग चिखलात बसला. आम्ही दहा जणांनी खांदे लावून ती गाड्यावरून मोकळी केली, आठ-दहा फूट पुढे ढकलली, आणि मग ती थांबली ती थांबलीच. "हैशा, हैशा" करून घसे बसले, होडी बोटभर हलेना. पाणी मात्र चाललं होतं. जमीन इतकी सपाट असली की चार बोटं पाणी उतरलं तरी त्याची कड दहा-बारा फूट मागे जाते. बघता बघता होडीभोवती चकचकीत चिखल उरला.

चिखल कसा धरतो ते त्या संध्याकाळी कळलं. तळाला तो असा चिकटतो की आतली हवा निघून गेलेली असते. वर उचलायला जावं तर खालून कोणीतरी ओढतंय असं वाटतं. पायांचंही तेच. एका जागी उभं राहिलं की गुडघ्यापर्यंत जातो, आणि पाय उपसताना चप्पल, तोल आणि धीर तिन्ही एकदम जातात. एका पोराचा तळपाय कालवांच्या दगडावर कापला. कालवांची कड पात्यासारखी असते, जखम लगेच दुखत नाही, रक्त दिसल्यावर कळतं. त्याला दवाखान्यात पाठवलं, आणि माझा सगळा उत्साह तिथेच संपला.

आबा अंधारात बॅटरी घेऊन आले. होडीला एक फेरी मारली. मला वाटलं बोलतील. ते म्हणाले, "भियां नको झिला. भांगात रुतली हा, उधाण सोडवतला. उधाणाच्या माथ्यार रुतली असती तर पंधरा दिस राखत बसलो असतस."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही. भांगात अडकलेल्या होडीला पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा थोडी वर येऊन भेटते. उधाणाच्या सगळ्यात मोठ्या भरतीला अडकली तर पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा खाली राहते, आणि पुढचं उधाण येईपर्यंत ती होडी लाटांचा, पावसाचा मार खात पडते. रुतणं दोन्हीकडे सारखंच. कधी रुतली, यावर सगळं.

त्याच रात्री इंजिन उतरवून खांद्यावरून घरी नेलं. होडीला पुढून एक, मागून एक अशा दोन दोऱ्या लावल्या, एक माडाला, एक रॅम्पच्या कडीला. गाडा सकाळच्या ओहोटीला काढला, चाकाखाली माडाच्या झावळीचे दांडे आडवे घालून.

पुढचे दिवस मी त्या चिखलाचा अभ्यास केला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही. आबांनी सांगितलेलं पहिलं काम: ओहोटीला पूर्ण वाट चालून बघायची. रॅम्पच्या टोकापासून खोल पाण्यापर्यंत साधारण दीडशे फूट. चिखलात चालताना पाय टेकवायचा, वजन टाकायच्या आत दुसरा उचलायचा. पाणी घोट्याच्या वर असेल तर पाय उचलायचा नाही, घासत न्यायचा, म्हणजे वाळूत बसलेली पाकट, शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधी उठून जाते. मी हातात काठ्या घेऊन गेलो. रॅम्पच्या दोन्ही कडांना एकेक काठी रोवली, पायरीशी एक, कालवांच्या दगडांशी दोन. आणि मग तो उंचवटा सापडला. टोकापासून ६० फुटांवर, पाण्याच्या वाटेला आडवा, डोळ्यांना दिसतसुद्धा नाही इतका बुटका. पण त्याच्या माथ्यावरची खोली होडी जिथे रुतली होती तिथल्यापेक्षा कमी. म्हणजे होडी चिखलातून उचलली गेली तरी ती पुढे जाऊन त्या वाळूवर परत बसली असती.

दुसरं काम: पाणी लिहून ठेवायचं. एका बांबूवर मी वीत-वीत अंतरावर खाचा पाडल्या आणि तो होडीशेजारी उभा केला. रोज सकाळच्या भरतीला तिथे जाऊन बसायचो. दशमीला पाणी पहिल्या खाचेच्या खालीच राहिलं. एकादशीला खाच भिजली. द्वादशीला होडीचा मागचा भाग क्षणभर हलला, मला छातीत धडधडल्यासारखं झालं. त्रयोदशीला नऊ-साडेनऊच्या सुमारास ती चक्क तरंगली, आणि भरतीच्या ओढीने नदीच्या वरच्या अंगाला, थेट कालवांच्या दगडांकडे सरकायला लागली. बांधलेल्या दोऱ्यांनी ती वाचली. मी पळत जाऊन आबांना म्हटलं, "सुटली, आत्ताच काढूया."

"तरंगली म्हणजे सुटली नाय," आबा म्हणाले. "ती धोंडी कशी वलांडतलस?"

त्या वाळूच्या उंचवट्याला ते धोंडी म्हणत. चाळीस वर्षांपूर्वीही तिथे होता म्हणे, थोडा पुढे-मागे.

याच दिवसांत मी त्यांच्याकडून तिथीचा हिशेब पक्का केला. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. हा हिशेब किनाऱ्यावर सगळीकडे चालतो, पण तो अंदाज आहे, घड्याळ नव्हे. रोज ४५ मिनिटं धरून तो पुढे जातो, खरी भरती सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि तेही एकसारखं नाही: उधाणाच्या दिवसांत कमी, भांगाच्या दिवसांत जास्त. शिवाय प्रत्येक गावाची स्वतःची वजाबाकी असते. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा. घाटात पाऊस पडला असेल तर नदीचं पाणी ओहोटीला लवकर जोर देतं. आणि वारा पश्चिमेचा असला तर पाणी चार बोटं जास्तच येतं. म्हणून आबा तिथीवरून तास काढतात आणि नंतर काठावर जाऊन पाण्याकडे बघतात.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात उपयोगी वाटली. पाणी सारख्या गतीने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात परत दोन आणि शेवटच्या तासात एकच. याचा अर्थ शेवटच्या तासात पाणी जवळजवळ उभं असतं. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी जेवढं पाणी आहे, त्याहून फार जास्त मिळणार नसतं. मग शेवटच्या मिनिटाची वाट कशाला बघायची? तासभर आधी काम सुरू केलं आणि कुठे टेकली, तर वर येणारं पाणी हाताशी असतं. भरती फिरल्यावर टेकली तर कोणीच हाताशी नसतं.

पिठोरी अमावास्येचा दिवस धरला. आमच्याकडे अमावास्येला भरती सकाळी अकराच्या आसपास. आणि पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर दिवसाची भरती रात्रीच्या भरतीपेक्षा मोठी असते, थंडीत उलट होतं. त्यामुळे सकाळचं पाणी चुकवायचं नव्हतं.

पहाटे पाचला, भर ओहोटीत, मी आणि माझा भाऊ नांगर घेऊन चिखलात उतरलो. उधाण जितकं चढतं तितकंच उतरतं, म्हणून त्या वेळी धोंडीच्या पलीकडची जमीनसुद्धा उघडी पडली होती. बॅटरीच्या उजेडात लहान खेकडे सैरावैरा पळत होते. धोंडीच्या पुढे, खोल पाण्याच्या कडेला नांगर रोवला, त्याचा दोर होडीच्या मागच्या कडीला आणून बांधला. माणसं कमी असतील तर होडी ढकलायची नाही, नांगरावर ओढून घ्यायची, ही आबांची युक्ती. दहा जणांनी खांदे लावून जे झालं नव्हतं ते एका दोराने होणार होतं.

मग इंजिन. होडी घट्ट जमिनीवर बसलेली असतानाच ते चढवून स्क्रू आवळले. तरंगत्या होडीवर ४० किलोचं इंजिन चढवायला जाणं म्हणजे ते पाण्यात घालवणं. चढवल्यावर वर उचलून अडकवून ठेवलं, पंखा चिखलापासून लांब.

आणि बूच. सहा दिवसांत पाऊस बराच झाला होता. होडीत पाणी साठायचं ते मी रोज ओहोटीला बूच काढून सोडून द्यायचो आणि भरती यायच्या आत परत लावायचो. हे काम धोक्याचं आहे. एकदा विसरलं की भरतीचं पाणी त्याच भोकातून आत येतं आणि होडी तरंगायच्या ऐवजी भरून बसते. तिसऱ्या दिवसापासून मी बूच काढलं की दोरीने नाळेच्या कडीला, डोळ्यांसमोर, लोंबतं बांधायचो. लोंबतं दिसलं म्हणजे भोक उघडं. अमावास्येला सकाळी आबांनी होडीत पाय ठेवायच्या आधी विचारलं, "बूच लावलस मां?" मी लावलं होतं, तरी वाकून हात घालून परत बघितलं.

साडेनऊला होडी उचलली गेली. या वेळी आम्ही चौघंच होतो. आबा होडीत, मागच्या बाजूला, हातात नांगराचा दोर. मी आणि भाऊ पाण्यात, दोन्ही बाजूंना. पुतण्या रॅम्पवर नाळेची दोरी धरून, होडी वरच्या अंगाला वळायला लागली की तेवढीच आवळायची, बाकी सैल सोडत जायची. आबांनी लगेच ओढलं नाही. आम्हाला होडी दोन्ही बाजूंना हळू डोलवायला सांगितली, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. चौथ्या डोलण्याला तळातून "भस्स" असा आवाज आला, काळे बुडबुडे वर आले, कुजलेल्या पाल्याचा वास सुटला. चिखलाने धरलेलं सोडलं होतं.

"आता," आबा म्हणाले, आणि दोर घ्यायला लागले. हाताखाली हात, घाई नाही, झटका नाही. होडी आमच्या हातांमधून निघून चालली. ज्या होडीला दहा जण मिळून बोटभर हलवू शकले नव्हते ती एका सत्तरीच्या माणसाच्या दोन हातांनी चालली होती, आणि मी तिच्या कडेला हात लावून नुसता सोबत चाललो होतो. पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत आलं. मग पायाखाली वाळू लागली आणि पाणी परत कमी झालं. धोंडी. होडीचा तळ वाळूला लागल्याचं मला हाताला कळलं, बारीक खरखर. होडी थांबली.

मी आबांकडे बघितलं. ते दोर ताणून धरून तसेच बसले. सव्वादहा वाजले होते. पाणी अजून येत होतं. त्यांनी खालची पानं मला मानेनेच दाखवली, ती नदीच्या वरच्या अंगाला वाहत होती. मी पाय सरकवत उभा राहिलो. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग दोर आपोआप जरा सैल झाला, आबांनी तो घेतला, आणि खरखर थांबली. होडी धोंडीवरून पलीकडे गेली. माझ्या पायाखालची जमीन एकदम खोल गेली, छातीपर्यंत पाणी आलं, आणि मी कडेला धरून होडीत चढलो.

इंजिन खाली सोडलं. आबांनी अजून चालू करू दिलं नाही, आधी दोर पूर्ण आत घेतला, नांगर वर काढला, दोराचा एक फेरा पाण्यात राहिला नाही ना ते बघितलं. पंख्यात दोर गेला तर सगळं मुसळ केरात. मग मी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. मागे वाकून पाण्याची धार बघितली. इंजिन थंड करायला जे पाणी आत घेतलं जातं त्याची बारीक धार बाहेर पडते. चिखलात काम केल्यावर ती न दिसली तर इंजिन त्याच क्षणी बंद करायचं, आत गाळ अडकलेला असतो. आधी काहीच आलं नाही. मी बंद करायला हात पुढे नेला, तोच करडं पाणी थुंकल्यासारखं आलं, मग चहाच्या रंगाचं, मग स्वच्छ, तारेसारखी सरळ धार. तिच्याकडे बघत मी किती वेळ वाकून होतो कोण जाणे. आबांनी पाठीवर हात ठेवला तेव्हा सरळ झालो.

मुखापलीकडे समुद्र अजून पांढरा होता, तिकडे जायचं नव्हतंच. खाडीत एक फेरी मारली, त्सुनामी बेट म्हणतात त्या वाळूच्या पट्टीच्या अलीकडूनच वळलो, आणि खोल पाण्यात पुढून-मागून दोन नांगर टाकून होडी ठेवली. एकाच नांगरावर ठेवली असती तर ओहोटीला गोल फिरून धोंडीवर जाऊन बसली असती. दुसऱ्याच दिवसापासून चाकरमानी उतरायला लागले, कुडाळ स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षा-टेम्पोंनी वाडी भरली, गणपतीची तयारी सुरू झाली. भाऊबंद येऊन विचारायचे, होडी खंय आसा? मी खाडीकडे बोट दाखवायचो.

गाड्याच्या दोन्ही बाजूंना मी आता पिवळ्या रंगाने अडीच फुटांची खूण रंगवली आहे. पाणी तिथवर आल्याशिवाय होडीला हात लावायचा नाही. रॅम्पच्या कडांच्या काठ्या तशाच आहेत, दर उधाणानंतर एखादी सैल होते ती परत ठोकतो. कार्तिकाच्या अमावास्येला तळ घासून रंगवायला होडी वर काढायची आहे. तेव्हा मोठी भरती रात्रीची, अकराच्या सुमारास. आबांनी आत्तापासून सांगून ठेवलंय की दोन बॅटऱ्या लागतील, आणि ते नऊलाच येऊन बसतील.